मुडद्याला काय पाहिजे होतं

बाई,

मला तुमच्यावर एकदा नीट, पोटभर रागवायचं आहे आणि ते मला जमत नाही. साठी आली, नोकरीतून निवृत्त झाले, तुम्हाला जाऊनही तीसेक वर्षं होत आली, तरी जमत नाही. आणि का जमत नाही, तर तुमच्यामुळेच. माणूस काही वागला की लगेच त्याला चांगला-वाईट ठरवायचं नाही, आधी विचारायचं, ह्याला काय पाहिजे होतं आणि हा कशाला भीत होता, हे खूळ तुम्हीच आमच्या डोक्यात भरवलंत. दहावीचं अख्खं वर्ष तुम्ही ते इतकं घोटून घेतलंत की आता ते हाडात जाऊन बसलंय. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून आयुष्य काढलं. पेशंटचा नातेवाईक अंगावर धावून आला की बाकीच्या सिस्टर त्याला फाडफाड बोलायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. मी मात्र नुसती उभी. मनात चाललेलं असायचं, ह्याला काय पाहिजे, हा कशाला भ्यायलाय. तोवर तो आणखी चार शिव्या हासडून निघून गेलेला असायचा. घरीही तीच तऱ्हा. आमचे हे म्हणतात, तुझ्याशी भांडण्यात काही मजाच नाही, तू अर्ध्यातच समजून घेतेस. अहो बाई, हे काय करून ठेवलंत तुम्ही? लोकांचे शिक्षक पाढे शिकवतात, शुद्धलेखन शिकवतात. तुम्ही माझा रागच काढून घेतलात.

तर आज ठरवलंय. आज तुमचाच हेतू काढायचा, तुमच्याच पद्धतीनं, आणि निघाला नाही तर सरळ रागवायचं.

आमच्या मराठीच्या पुस्तकात एका जुन्या शोकांत नाटकातला एक प्रवेश होता. तेवढाच शिकवून तुम्हाला पुढच्या धड्याकडे जाता आलं असतं. पण नाही. तुम्ही घरून त्या नाटकाची पिवळी पडलेली प्रत आणलीत आणि तासाला थोडं थोडं करून सगळं नाटक वाचून दाखवलंत. किल्ल्याला वेढा पडलेला आहे. किल्लेदारानं हुकूम काढलाय की दिवस मावळला की दार कुणासाठीही उघडायचं नाही. एका शिपायाचा भाऊ बाहेर अडकतो, दार उघडत नाहीत, तो मारला जातो. मग एके दिवशी किल्लेदाराचा स्वतःचा मुलगा जखमी होऊन दाराशी येतो, हाका मारतो, आणि किल्लेदार आतल्या बाजूनं कडीवर हात ठेवून उभा राहतो, पण कडी काढत नाही. सकाळी दार उघडतात तर पोरगा मेलेला, आणि शत्रूचा माणूस आसपास कुठेच नाही. एवढीच गोष्ट. ह्या एवढ्याशा गोष्टीवर तुम्ही आमचा दिवाळीपर्यंत जीव खाल्लात.

वर्ग डोळ्यासमोर येतो. जिंतूरची आमची मुलींची शाळा, पत्र्याचं छप्पर, दुपारचा तास, पोटात गेलेली भाकर डोळ्यांवर चढलेली. तुम्ही टेबलाला टेकून उभ्या आहात. "किल्लेदारानं दार का उघडलं नाही?" पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगी ताडकन उठते. गाईडातलं उत्तर, एका दमात. "कर्तव्यनिष्ठा, बाई." तुम्ही कपाळाला हात लावता. "अगं, कर्तव्यनिष्ठा भूक लागल्यासारखी लागते का कुणाला? रात्रीची उठवते का? ती नंतर लोकांनी चिकटवलेली चिठ्ठी आहे. त्या क्षणी, कडीवर हात असताना, त्याला पाहिजे काय होतं ते सांग." ती मुलगी रडकुंडीला येते. मागून एक जण विचारते, "बाई, हे किती मार्काला येतंय?" सगळा वर्ग हसतो. तुम्ही नाही हसत. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारता. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एकदाही स्वतःचं उत्तर सांगत नाही. आम्ही वैतागून गेलो होतो हो. बाकीच्या तुकड्यांचे चार चार धडे पुढे गेलेले आणि आमचा किल्लेदार अजून दारात उभा.

शेवटी मीच उठले. खरं तर तुम्ही गप्प व्हावं म्हणून उठले. म्हणाले, "बाई, तो शिपायांना भीत होता." तुम्ही म्हणालात, "किल्लेदार? शिपायांना?" मी म्हणाले, "व्हय बाई. त्या शिपायाच्या भावाला आत घेतलं न्हाई ते सगळ्यांनी बघितलं होतं. आता सोताच्या पोराला घेतलं तर हे काय म्हणतील, आपल्याकडं कसं बघतील. शत्रू बाहेर होता पण ह्याला भ्या आतल्यांचं होतं." माझी भाषा वर्गात अशीच यायची, घाई झाली की. कुणी तरी खुदकन हसलं. तुम्ही खुर्चीवर बसलात. एरवी तासाला तुम्ही कधी बसत नव्हता. मग म्हणालात, "शोधा गं हे गाईडात."

हे मला कुठून कळलं, ते तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आम्ही मूळचे जिंतूरचे नव्हतो. नामांतराच्या दंगलीत आमच्या गावातली आमची घरं जळली, त्यानंतर आम्ही जिंतूरच्या वस्तीत येऊन राहिलो. त्या संध्याकाळी आम्ही ज्यांच्याकडे धावत गेलो त्यांच्या शेतात माझे वडील, आमचे दादा, वर्षानुवर्षं राबले होते. त्यांचं धाकटं पोर माझ्या मायच्या अंगाखांद्यावर वाढलेलं. त्या माणसानं माडीच्या खिडकीतून आम्हाला बघितलं आणि दार उघडलं नाही. आम्ही ज्वारीत लपून जीव वाचवला. पुढे कधी विषय निघाला की दादा म्हणायचे, "त्यो वाईट न्हाई. त्यो भ्याला. आमाला न्हाई, त्याच्याच लोकाला भ्याला." दादा हे इतक्या सहज म्हणायचे की मला त्यांचाही राग यायचा. तेच उत्तर मी तुमच्या वर्गात दिलं, आणि तुम्हाला वाटलं पोरीला नाटक कळतंय.

गॅदरिंगला तेच नाटक करायचं तुम्ही ठरवलंत आणि किल्लेदाराचं काम मला दिलंत. बाई, त्या दिवशी मी घरी चालत गेलेच नाही, पळत गेले. माय जिनिंगवरून आली होती, केसांत सरकीचा कापूस, तशीच तिला धरून मी घरभर नाचवलं. दादा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्या हमालांना सांगून टाकलं की आमची पोर किल्लेदार होणार हाय, समद्यांनी येयाचं. तालमी सुरू झाल्या. शाळा सुटल्यावर, मोठ्या खोलीत. मी पंधरवड्यात माझंच नाही, सगळ्यांचं पाठ केलं. किल्लेदाराच्या मुलाचं काम एका मोठ्या बागायतदाराच्या मुलीकडे होतं. ते लोक झरीकडचे, तिचे वडील शाळेच्या कमिटीवर. पोरगी चांगली होती. पहिल्या प्रवेशात ती माझ्या पायाला हात लावायची आणि म्हणायची, आबासाहेब, आशीर्वाद द्या. मी मिशीवरून हात फिरवायची आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायची. आम्हा दोघींना दर वेळी हसू फुटायचं आणि तुम्ही ओरडायच्या.

मग एक दिवस तिची आई तालीम बघायला आली. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली. पायाला हात लावायचा प्रसंग तिनं बघितला, काही बोलली नाही. पण शेवटच्या प्रवेशात तिच्या लेकीला जमिनीवर झोपवून वर पांढरी चादर ओढली तेव्हा ती खुर्चीवरून उठलीच. "अगं बाई बाई! जित्या लेकराला मुडदा करताव व्हय? आमच्या घरात औंदा लग्न हाय! काही इडापिडा लागली तर कुणी जिम्मा घ्यायचा?" हे तिनं मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांनी ऐकलं. मग ती तुम्हाला बाजूला घेऊन गेली आणि हळू आवाजात काही तरी बोलली. ते कुणीच ऐकलं नाही. मला तुमचा चेहरा तेवढा दिसत होता. तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत आणि मग जमिनीकडे.

तुम्ही दुसऱ्या मुलींना विचारून बघितलंत, हे मला माहीत आहे. मुलाचं काम कोण करेल? दोघी तिघी आनंदानं तयार झाल्या आणि दुसऱ्या दिवशी रडत आल्या. सगळ्यांच्या घरून एकच निरोप, पोरीला मढं करायचं नाही, अभद्र असतं. आणि मग तुम्ही आमच्या घरी आलात.

आमच्या वस्तीत शाळेची बाई कधी आली नव्हती. पोरं पुढे पळत आली सांगायला. मायनं शेजारून खुर्ची मागून आणली, पदरानं पुसली. तुम्ही बसलात, चहा घेतलात, आणि बशीत थेंबही न ठेवता घेतलात. मायनं नंतर ते मुद्दाम बोलून दाखवलं, अन्याय करायचा नाही म्हणून मीही लिहून ठेवते. मग तुम्ही दादांना विचारलंत, "तुमच्याकडे शकुन-अपशकुन मानतात का हो?"

बाई, दादांना हा प्रश्न म्हणजे सणच. त्यांची छाती अशी फुगली! "बिल्कूल न्हाई. बाई, आमी ते समदं सोडलं. देव, दगड, दोरे, गंडे, समदं. मांजर आडवं गेलं तर मी उलट त्याला रस्ता देतो. आमच्यात असलं काही मानत न्हाईत." मग त्यांनी तुम्हाला भिंतीवरचा फोटो दाखवला, मग पाच मिनिटं भाषण दिलं. तुम्ही मान हलवत ऐकलंत. आणि मग म्हणालात, "फार चांगलं. मग हिला मुलाचं काम देऊ का? शेवटी प्रेत म्हणून झोपावं लागतं, बाकीच्या घरी तयार नाहीत. तुमच्याकडे अडचण नाही, म्हणून." दादा म्हणाले, "द्या की! त्यात काय यवढं." त्यांना वाटलं, पोरीला आणखी एक काम मिळालं. किल्लेदाराचं आहेच, वर हे.

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आन् किल्लेदार?"

तुम्ही कपात बघितलंत. कपात काही नव्हतं. "ते दुसरी मुलगी करेल," तुम्ही म्हणालात. "सध्या नामांतरावरून वातावरण कसं आहे, तुम्हाला माहीत आहे."

दादा काय बोलणार होते? आत्ता तर म्हणाले होते, आमच्यात काही अडचण नाही. तुम्ही गेल्यावर माय त्यांच्यावर जी तुटून पडली! "तुमच्याच तोंडानं वदवून घेतलं की हो तिनं. खुर्चीवर बसून, च्या पिऊन. कळलं का तरी?" दादा म्हणाले, "मग काय सांगायचं व्हतं? मानतो म्हणून सांगू? मी काय खोटं बोललो का?" माय म्हणाली, "खोटं कुठं बोललाव? खऱ्यातच अडकलाव." मग ती मला म्हणाली की शाळेची ती कोरी पांढरी चादर अंगावर घ्यायची नाही, माझं जुनं लुगडं घेऊन जा. दादा म्हणाले, "तू मानतेस व्हय अजून?" माय म्हणाली, "मी काही मानत न्हाई. पण माझ्या लेकराला दुसऱ्याची चादर कशाला?" त्या घरात त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही. दादा मोंढ्यात काय सांगायचं ह्याच काळजीत.

इथेच माझं गाडं अडतं, बाई. इथून पुढे मला काही उलगडत नाही. तुम्ही दादांना तो प्रश्न आधी का विचारलात? आधी विचारून त्यांना बांधून टाकायचं, असं ठरवून आला होतात का? की बिचाऱ्या घाबरलेल्या होतात, आणि "तुमच्या मुलीचं काम काढून घेते" हे थेट म्हणवत नव्हतं, म्हणून तिकडून सुरुवात केलीत? पहिलं असेल तर तुम्ही पक्क्या होतात. दुसरं असेल तर भित्र्या. आणि तिसरंही असू शकतं, की तुम्हाला खरंच वाटलं असेल, हिला निदान मुलाचं तरी काम मिळू दे, नाहीतर ही नाटकातूनच जाईल. बघा, तीन हेतू झाले. तुम्ही तर म्हणायच्या, एका वेळी एकाहून जास्त हेतू असू शकतात, माणूस म्हणजे काय गणित आहे का. असं म्हणून तुम्ही सुटता, मी इथे बसते डोकं धरून.

दुसऱ्या दिवशी तालमीला मी आले, तोंड फुगवून. तुम्ही सगळ्यांना आपापल्या कामाचा हेतू विचारत होतात. माझ्यापाशी आलात तेव्हा मी मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, मुडद्याला काय पाहिजे असतं?" टोमणा होता तो. शेंबड्या पोराला पण कळला असता. आणि तुम्ही? तुम्ही चष्मा काढलात, विचार केलात आणि म्हणालात, "चांगला प्रश्न आहे. त्याला पाहिजे असतं की बापानं एकदा तरी आपल्याकडे नीट बघावं. म्हणून तू डोळे मिटून पडून नुसती राहू नकोस. वाट बघत पडून राहा." आता ह्यावर माणसानं काय करावं! मला तुम्हाला बोचकारायचं होतं आणि तुम्ही मला अभिनय शिकवून गेलात. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून ओरडले. आणि तरी, मेलं, दुसऱ्या दिवसापासून मी वाट बघतच पडून राहायला लागले.

गॅदरिंग भर दुपारी होतं. वातावरणामुळे अंधार पडायच्या आत सगळं आटपा असं वरून सांगितलेलं, फाटकाशी दोन पोलीस. मांडवात ऊन येत होतं. माय आली होती. दादा आले, मोंढ्यातले हमालही आले, त्यांना काय सांगितलं होतं ते दादांनाच ठाऊक. बागायतदाराची मुलगी भरजरी अंगरख्यात, मला आवडायची तशीच काजळाची मिशी. मी तिच्या पायाला हात लावला, आबासाहेब, आशीर्वाद द्या. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो लगेच खाली घसरला. मग मी दाराबाहेर हाका मारल्या, मेले, सकाळ झाली, आणि मी मायच्या लुगड्याखाली पडले. लुगड्यात जिनिंगचा कापूस. नाकात जायला लागला. शिंक दाबून दाबून डोळ्यांत पाणी आलं. वर ती मुलगी शेवटचं भाषण सुरू करते. "दार माझं होतं..." आणि थांबते.

मी वाट बघते. पुढचं येत नाही. "दार माझं होतं," ती पुन्हा म्हणते, आणि पुन्हा थांबते. कुणी तरी खोकतं. लुगड्याच्या विरलेल्या जागेतून मला विंगेत तुम्ही दिसत होतात, हातात पुस्तक, बोट नेमकं ओळीवर. प्रॉम्प्टिंग तुमचं होतं. बाई, तुम्ही का नाही बोललात? तोंड उघडं होतं तुमचं. माझ्याकडे बघत होतात, त्या मुलीकडे नाही. हा माझा तुम्हाला दुसरा प्रश्न आहे आणि पहिल्यापेक्षा जास्त छळतो.

मग मीच बोलले. लुगड्याखालून. "कडी माझी होती. हात माझा होता." ती मुलगी मागोमाग म्हणाली. मी पुढचं सांगितलं, ती पुढचं म्हणाली. "मग भीती कुणाची होती?" ते सगळं भाषण असं झालं, आधी खालून, मग वरून. माइक खाली ठेवलेला, माझ्या डोक्यापाशी, हे माझ्या लक्षातच नव्हतं. माझा आवाज पार फाटकापर्यंत गेला. मला वाटलं आता लोक हसणार. कुणी हसलं नाही. पडदा पडला आणि टाळ्याच टाळ्या. पाहुणे भाषणात म्हणाले की मेलेल्या मुलाच्या आवाजानं बापाच्या मनाचा पश्चात्ताप बोलतो, ही दिग्दर्शनातली कल्पना अपूर्व आहे, ह्या बाईंचं कौतुक करावं तेवढं थोडं. आणि तुम्ही उठलात. हात जोडलेत. नारळ घेतलात. हमालांमधला एक जण मागून ओरडला, "अरे त्यो मुडदा आमचा हाय!" त्यावर मात्र सगळे हसले.

नंतर तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. शाबास नाही, माफ कर नाही. परीक्षा झाली, मी पास झाले, नर्सिंगला गेले. शिपायांना भिणारा किल्लेदार तुम्हाला वर्षभर समजून घ्यायचा होता, आणि त्याच वर्षी तुम्ही तेच केलंत, कडीवर हात ठेवून. हे तुम्हाला दिसलं असणारच. तुमच्याएवढी हुशार बाई, न दिसून कसं चालेल? ह्या एका गोष्टीवर मी किती वर्षं तुमच्याशी मनातल्या मनात भांडले असेन. पोळ्या लाटता लाटता, ड्युटीवर जाता येता. एकदा समोर आलात की सरळ विचारायचं, असं कितीदा तरी ठरवलं होतं.

आणि मग तुम्ही समोर आलातच. ज्या हिवाळ्यात अखेर नामांतर झालं, त्या हिवाळ्यात. परभणीच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, दम लागून आणलेल्या. मी ड्युटीवर होते. बाहेर रस्त्यावर आमच्या लोकांचा जल्लोष, माझ्या खिशात सगळ्यांना वाटायचे पेढे. कागदावर तुमचं नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. केवढ्याशा झाला होतात! सून शेजारी बसलेली. मी सलाईन लावायला वाकले. मनात म्हटलं, आता विचारायचं. दम लागलेला असो नाही तर काही असो. दोनच प्रश्न आहेत.

तुम्ही डोळे उघडलेत आणि मला लगेच ओळखलंत. एवढ्या वर्षांनी, युनिफॉर्ममध्ये, लगेच. सुनेचा हात धरून म्हणालात, "अगं, ही माझी किल्लेदार. हिनं जे काम केलं होतं ना शाळेत, तसा किल्लेदार मी पुन्हा पाहिला नाही."

मी सुई हातात धरून उभी. विसरला होतात? की म्हातारपणात तुमच्या मनानं ते सगळं तुम्हाला सोसवेल असं लावून घेतलं होतं? की तुम्हाला पूर्ण आठवत होतं, आणि लुगड्याखालून बोलले तेच खरं काम, असं म्हणायचं होतं? का सुनेसमोर माझं काम मला परत देत होतात, फुकटचं, बारा वर्षांनी, माफी मागायला नको म्हणून? सांगा ना. तुमच्या डोळ्यांत काही दिसत नव्हतं, पाणी तेवढं होतं, आणि ते दम्याच्या पेशंटला येतंच. "बाई, मी किल्लेदार नव्हते," एवढं एक वाक्य होतं. सून कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "व्हय बाई." पेढा दिला. तुम्ही खाल्लात. दोन दिवसांनी तुम्हाला घरी नेलं आणि उन्हाळ्यात तुम्ही गेल्याचं कळलं. माझे प्रश्न माझ्यापाशीच राहिले.

आता हे एवढं सगळं लिहिलं, तरी राग काही नीट येत नाही. पत्ता लिहायला जागाही नाही. एक गोष्ट मात्र सांगून टाकते, कारण ती दादांना आणि मायलाही मी सांगितली नव्हती, आणि आता ती दोघंही नाहीत. तुम्ही तसं म्हणालात तेव्हा मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी ते धरूनच बसले. आमच्या ह्यांना विचारा, माझ्या सुनेला विचारा, नातवंडांना विचारा, सगळे एका तोंडानं सांगतील. आजीनं शाळेत किल्लेदार केला होता.